वाक्प्रचारांचें माहेर आणि सासर

भाषेचा इतिहास लिहितांना आपण बहुधा ग्रंथांचा व ग्रंथकारांचा विचार करितों. फार झालें तर परभाषेंतून आलेल्या शब्दांची मोजदाद करितों. परंतु शब्दापेक्षांहि अधिक गुपचूप प्रवास करणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वाक्प्रचार. 'स्टेशन', 'तिकीट', 'पेन्सिल' हे शब्द कितीहि रुळले तरी त्यांच्या तोंडवळ्यावरून ते कोठले हें लहान मुलासहि सांगतां येतें. उलट, 'सिंहाचा वाटा', 'मैलाचा दगड', 'पांढरा हत्ती', 'कोल्ह्याला द्राक्षें आंबट' ह्यांचा पोशाख पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठी आहे. शब्द आपले, प्रत्यय आपले. बाहेरून आली ती केवळ कल्पना. म्हणून हे पाहुणे घरांत शिरले केव्हां आणि घरचे झाले केव्हां, याची दाद घरच्या माणसांसहि लागली नाहीं.

ह्यांपैकीं कांहींचें मूळ कोठें आहे, इंग्रजीच्या जुन्या वाङ्मयांत ते कसे आढळतात, आणि मराठींत आल्यावर त्यांचें काय झालें, हें प्रस्तुत लेखांत पाहण्याचा आमचा विचार आहे. हा केवळ विद्वानांच्या करमणुकीचा प्रश्न नव्हे. आज मध्यम वर्गाच्या कित्येक घरांतील मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात; त्यांच्या कानीं इंग्रजी म्हण आधीं पडते, मराठी म्हण मागाहून पडते किंवा मुळींच पडत नाहीं. अशा वेळीं परकें कोणतें, आपलें कोणतें, आणि परकें असून आपलें झालेलें कोणतें, हें आईबापांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास सोलापूर हें गांव फार सोयीचें आहे. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चार भाषा येथें एकाच पेठेंत ऐकूं येतात, आणि हा शेजार आजकालचा नव्हे. भीमा व सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वराच्या देवळांत, शके ९४० चा म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या अत्यंत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांपैकीं तो एक असून, सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या परिश्रमानें तो प्रकाशांत आला. लेख वाचणारास विजय चिंतणारें मराठी वाक्य त्यांत आहे. देवाचें नांव संस्कृत, गांवाचें नांव संगम या अर्थाचें कानडी, आणि वाचकास दिलेला आशीर्वाद मराठी! पुढें उत्तर पेशवाईंत सोलापूरचेच शाहीर रामजोशी यांनीं संस्कृत, कानडी व मराठी या भाषा लावणींत एकत्र नाचविल्या. त्यांचा अंत १८१२ च्या सुमारास झाला, आणि सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हातीं पडला तो मे १८१८ मध्यें. म्हणून रामजोशांच्या भाषांच्या मेळ्यांत इंग्रजीस जागा नाहीं. १८६० सालीं येथें आगगाडी आली, १८७७ सालीं पहिली कापडगिरणी चालूं झाली, आणि पांचवी भाषा म्हणून इंग्रजीहि पेठेंत येऊन बसली.

परंतु इंग्रजी वाक्प्रचार मराठींत आले ते आगगाडीनें नव्हे. ते त्यापूर्वींच छापखान्याच्या वाटेनें येऊं लागले होते. श्रीरामपूरच्या मिशनांत विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ सालीं संपूर्ण नवा करार मराठींत छापला. त्याच सुमारास, १८०६ सालीं, तिकडे तंजावरास सरफोजी महाराजांच्या आश्रयानें इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नांवानें छापलें गेलें. १८२८ त सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीति' मुंबईकडील शाळांत गेली. १८३१ त मोल्स्वर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' सुरू झालें. त्यांत एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असे. एकच विचार दोन शेजारच्या रकान्यांत सांगावयाचा झाला म्हणजे एका रकान्यांतील वळण दुसऱ्यांत झिरपणारच! १८४१ त हरि केशवजी यांनीं बन्यनच्या रूपककथेचें 'यात्रिकक्रमण' केलें, आणि १८६७ त महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं 'ऑथेल्लो' मराठींत आणून शेक्सपिअरचें दार उघडलें. पुढें १८७४ पासून निघालेल्या 'निबंधमाले'नें तर इंग्रजी गद्याचें वळण मराठी गद्यास इतकें सहज लावून दिलें कीं, तें वळण मूळचेंच वाटूं लागलें.

या सर्व वाटांत इसापाची वाट सर्वांत रुंद ठरली, कारण तिच्यावरून मुलें गेलीं. 'कोल्ह्याला द्राक्षें आंबट' ही म्हण आज आजीबाईच्या तोंडींहि असते. तरी ती त्या ग्रीक गोष्टीचेंच चार शब्दांतील सार आहे, आणि इंग्रजीसहि ती त्याच उसनवारींतून मिळालेली आहे. आज सोलापूर जिल्ह्यांत द्राक्षांचे मळे दूरवर पसरलेले आहेत; त्यामुळें ही म्हण येथल्याच एखाद्या बांधावर जन्मली असावी असें कोणास वाटलें तर नवल नाहीं. 'मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी' हिचें मूळ मात्र जुन्या ग्रीक संग्रहांत नाहीं. ती गोष्ट युरोपच्या मध्ययुगांतील धर्मोपदेशकांच्या कथांत सांपडते, व चौदाव्या शतकांतील लँग्लंड कवीच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यांत ती राजसत्तेवरील टीकेच्या रूपानें येते. तेथें मांजर म्हणजे बलिष्ठ अधिकारी व उंदीर म्हणजे त्याच्या धाकांतली प्रजा. मराठींत येतांना हें राजकारण वाटेंत गळालें, परंतु टोमणा शाबूत राहिला.

सर्वांत मनोरंजक इतिहास 'सिंहाच्या वाट्या'चा आहे. मूळ गोष्टींत सिंह इतर जनावरांबरोबर शिकार करितो, शिकारीचे भाग पाडतो, आणि एक राजा म्हणून, एक शूर म्हणून, अशीं एकेक कारणें सांगून सर्व भाग आपणच घेतो. अर्थात् सिंहाचा वाटा म्हणजे सगळाच वाटा. आणि त्यांत प्रशंसा मुळींच नाहीं, जुलूम आहे. इंग्रजींत काळेंकरून त्याचा अर्थ 'सर्वांत मोठा भाग' इतका सौम्य झाला. मराठींत तर त्यानें तोंडच फिरविलें. 'या कार्यांत अमक्यांचा सिंहाचा वाटा आहे' असें आपण सत्कारसमारंभांत म्हणतों, आणि ऐकणाराच्या कानावर तो गौरव म्हणून पडतो. इसापाचा सिंह वाटा घेत होता; मराठी सिंह वाटा देतो आहे! हा पालट कशामुळें झाला असावा? आमच्या मतें याचें कारण 'खारीचा वाटा' हें आहे. रामानें सेतु बांधिला तेव्हां अंगाला वाळू लावून ती समुद्रावर नेऊन झटकणारी खार लोकपरंपरेंत प्रसिद्ध आहे. तिचा वाटा हा दिलेला वाटा, श्रमाचा वाटा. 'वाटा' शब्दास हा अर्थ देशी कथेनें देऊन ठेविला होता. बाहेरून आलेल्या सिंहास त्या अर्थाच्या शेजारीं बसावें लागलें, आणि बसतां बसतां तो खारीचा थोरला भाऊ होऊन गेला. परकी कल्पना आपल्या घरांत आली म्हणजे घरच्या चालीरीति ती कशी उचलते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

बायबलाच्या वाटेनें आलेल्या वाक्प्रचारांची गोष्टहि अशीच आहे. १६११ सालीं पहिल्या जेम्स राजाच्या आज्ञेनें झालेल्या भाषांतरानें इंग्रजीस शेंकडों बोलण्याचे प्रकार दिले, आणि त्यांतील कित्येक त्याहूनहि जुन्या टिंडेलच्या भाषांतरांतले आहेत. आपण ज्याला 'बळीचा बकरा' म्हणतों त्याचा इंग्रजी पर्याय टिंडेलनेंच १५३० च्या सुमारास घडविला. मूळ विधींत दोन बोकड असत. एकाचा बळी दिला जाई; दुसऱ्याच्या माथ्यावर लोकांचीं पापें ठेवून त्यास जिवंत रानांत सोडून देत. इंग्रजी शब्द या सुटलेल्या बोकडाचा आहे. मराठीनें मात्र तो ऐकला आणि आपल्या गांवच्या जत्रेंतला, देवीपुढें उभा केलेला बोकड डोळ्यांसमोर आणिला. त्यामुळें मूळचा जिवंत सुटलेला प्राणी आमच्याकडे मारला जातो! अर्थ फारसा बिघडला नाहीं. उलट दुसऱ्याच्या अपराधाबद्दल शिक्षा भोगणाराचें दुःख मराठी शब्दांत अधिक ठसठशीत उतरतें.

याच ग्रंथांतील 'मेंढराच्या वेषांतला लांडगा' आपल्याकडे पुस्तकांतून दिसतो, पण घरांत फारसा बोलला जात नाहीं. त्याची जोडी आमच्या पंचतंत्रांत आधींपासून आहे, ती वाघाचें कातडें पांघरलेल्या गाढवाची. दोन्ही गोष्टींत सोंगच आहे. परंतु तिकडे बलवान् दुबळ्याचें सोंग घेतो, आणि इकडे दुबळा बलवानाचें. दोहोंचा उपयोग निराळा आहे, म्हणून दोन्ही ठेवण्यास हरकत नाहीं. 'डुकरांपुढें मोतीं' याचें मात्र आमच्याकडे कामच नव्हतें. 'गाढवाला गुळाची चव काय' असें म्हणून मराठी माणूस केव्हांच मोकळा झाला होता.

शेक्सपिअरचें ऋण इंग्रजी भाषेवर केवढें आहे तें सर्वश्रुत आहे. पण त्याच्या नांवावर मोडणारें पुष्कळसें धन त्याच्याहि आधींचें आहे. चकाकतें तें सर्व सोनें नव्हे, हा विचार 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मध्यें येतो खरा; परंतु चॉसर हा त्याच्या दोनशें वर्षें आधींचा कवि, त्याच्या काव्यांतहि तो आहे. लबाडीनें अश्रु ढाळणाऱ्या मगरीची कल्पना 'ऑथेल्लो'त आहे. पण माणसास खातांना रडणाऱ्या मगरी चौदाव्या शतकांत मँडेव्हिलच्या नांवावर प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनांतच भेटतात. आपण तिला 'नक्राश्रु' असा भारदस्त संस्कृत पोशाख दिला, त्यामुळें हा शब्द एखाद्या पुराणांतला असावा असें पुष्कळांस वाटतें. गंमत ही कीं, त्याच 'ऑथेल्लो'त मत्सरास हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हटलें आहे, आणि इंग्रजींत तें वचन अजरामर झालें. परंतु १८६७ चें भाषांतर झालें, १८९० त देवलांचा 'झुंझारराव' रंगभूमीवर येऊन गाजला, तरी तो हिरव्या डोळ्यांचा राक्षस मराठींत घर करूं शकला नाहीं. कारण मराठी माणसाचा मत्सर पोटांत दुखतो, डोळ्यांत सलतो; त्यास निराळा रंग लावण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

लढायांच्या बाबतींत हेंच झालें. संपूर्ण पराभवास इंग्रज 'वॉटर्लू' म्हणतो. ती लढाई १८१५ ची. आमच्या लेखकांनीं हा शब्द कांहीं दिवस वापरून पाहिला. परंतु ज्यांच्या घरोघरीं १७६१ चें दुःख वडिलांपासून मुलांकडे आलें होतें, त्यांस 'पानिपत झालें' याहून दुसरा शब्द कशास हवा? नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाबद्दलच्या आख्यायिकेनें 'ध चा मा करणें' हा असाच एक वाक्प्रचार दिला आहे. त्यास इंग्रजींत तोड नाहीं. जेथें आपल्या इतिहासानें स्वतः किंमत मोजून शब्द मिळविले आहेत, तेथें उसना शब्द टिकत नाहीं.

आतां जेथें धोका आहे अशा जागेकडे वळूं. आपल्या परंपरेंत पांढरा हत्ती म्हणजे ऐरावत, इंद्राचें वाहन, ऐश्वर्याचें चिन्ह. इंग्रजींत मात्र, सयामच्या राजाबद्दलच्या एका कथेवरून, पोसतांना मालकाचें दिवाळें काढणारी निरुपयोगी वस्तु म्हणजे पांढरा हत्ती. तो राजा ज्याच्यावर रुष्ट होई त्यास पांढरा हत्ती बक्षीस देई, अशी ती कथा. आज मराठी वर्तमानपत्रांत 'पांढरा हत्ती' हा शब्द सर्रास या दुसऱ्या अर्थानें येतो, आणि तो वाचून वाढलेल्या मुलास ऐरावताचें चित्र पाहून खर्च आठवला तर त्याचा दोष नाहीं. हंसाचेंहि तसेंच. आमचा हंस दूध आणि पाणी निवडणारा, विवेकाची खूण. ग्रीकांचा हंस मरतांना गाणारा. प्लेटोच्या संवादांत साक्रेटीस मरणाच्या दिवशीं त्याचा दाखला देतो. त्यावरून 'हंसगीत' हा शब्द आपल्याकडे आला. हा शब्द सुंदर आहे, आणि त्यानें आमच्या हंसाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. विवेक करणारा पक्षी शेवटीं गातोहि, इतकेंच झालें. ऐरावताचें मात्र तसें नाहीं. तेथें आलेल्या अर्थानें घरच्या अर्थास दाराबाहेर काढलें आहे.

कचेरींतले वाक्प्रचारहि पाहण्यासारखे आहेत. सरकारी कागद तांबड्या फितीनें बांधण्याच्या विलायती पद्धतीवरून इंग्रजींत दिरंगाईस 'लाल फीत' म्हणूं लागले, व कार्लाइल आणि डिकन्स यांच्या लेखनानें तो शब्द घरोघर झाला. आमचे कागद फितीनें नव्हे, रुमालांत बांधले जात. पेशवे दप्तराचे रुमाल प्रसिद्धच आहेत. 'दप्तर' व 'रुमाल' हे दोन्ही शब्द मूळचे फारसी. शिवाजी महाराजांच्या काळीं 'राज्यव्यवहारकोश' करून राज्यकारभारांतील यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले गेले. तरी हे शब्द मराठींत राहिलेच, आणि पुढें त्यांतूनच 'दप्तरदिरंगाई' हा खणखणीत शब्द निघाला. तो हाताशीं असतांना लाल फीत कशास शोधावी? उलट 'मैलाचा दगड' पहा. १९५६ च्या कायद्यानंतर देशांत दशमान मापें आलीं, रस्त्यावर किलोमीटरचे दगड लागले. मैल गेला, पण मैलाचा दगड भाषेंत उभाच आहे. त्याच्या जागीं आमच्याकडे दुसरा शब्द नव्हता, म्हणून त्यास कोणी हलविलें नाहीं.

हा व्यवहार एकतर्फी होता असेंहि कोणी समजूं नये. आमचीं पंचतंत्रांतील जनावरें सहाव्या शतकांत पहलवी भाषेंत व आठव्या शतकांत अरबींत गेलीं, आणि तेथून फिरत फिरत १५७० सालीं टॉमस नॉर्थच्या हातून इंग्रजींत पोंचलीं. प्लुटार्कचीं चरित्रें इंग्रजींत आणून शेक्सपिअरला रोमन नाटकांचें साहित्य पुरविणारा नॉर्थ तो हाच. पुढें इंग्रजांनीं 'लूट' नेली, जगन्नाथाचा रथ नेला आणि वाटेंत येईल तें चिरडणाऱ्या शक्तीस त्याचें नांव दिलें. सोलापूरसारख्या कापडाच्या गांवास सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे, मुंबईच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडाचेंहि नांव त्यांनीं नेलें, आणि आज सगळ्या जगांत लहान मुलें व कामकरी जो 'डंगरी' पोशाख घालतात त्यांत तें जिवंत आहे.

पुस्तकांतून न येतां अनुभवांतून आलेला एक इंग्रजी शब्दप्रयोग मात्र सोलापुराचा स्वतःचा आहे. तो म्हणजे 'मार्शल लॉ'. मे १९३० मध्यें गांधीजींच्या अटकेनंतर या शहरांत जी खळबळ उडाली तिच्या शेवटीं १२ मे रोजीं येथें लष्करी कायदा पुकारला गेला. त्याच प्रकरणांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं देण्यांत आलें. या शब्दांचा इंग्रजी इतिहासहि ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १६२८ सालीं इंग्रजांच्या पार्लमेंटानें आपल्या राजापुढें जो हक्काचा अर्ज ठेविला, त्यांत प्रजेवर मार्शल लॉ लादल्याबद्दलची तक्रार होती. जी गोष्ट स्वतःच्या देशांत त्यांस असह्य वाटली, तीच ३०२ वर्षांनीं त्यांनीं सोलापूरकरांवर लादली. 'लष्करी कायदा' हा निर्दोष मराठी पर्याय असतांनाहि सोलापूरकर 'मार्शल लॉ' असेंच म्हणत आले. ज्यानें मारलें त्याच्याच भाषेंत त्या माराचें नांव ठेवण्यांत एक प्रकारचा पुरावा आहे, आणि तो बदलूं नये असें आम्हांस वाटतें. त्याच शहरांतील गिरणीकामगारांनीं मात्र आपल्या रोजच्या व्यवहारास 'भोंगा', 'पाळी', 'खाडा' असे शब्द वापरले, आणि ते करतांना कोणत्याहि पंडिताची परवानगी विचारली नाहीं.

तेव्हां निर्णय काय? माधवराव पटवर्धनांनीं १९३८ त 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परक्या शब्दांचा प्रश्न मोठ्या तळमळीनें मांडला. पण त्या वादांत बहुतेक भर शब्दांवर राहिला, आणि मराठी वेषांतील परके वाक्प्रचार पहाऱ्यांतून निसटले. त्या सर्वांस आतां हांकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. सुनेचें माहेर विचारावें तें ओळख पटावी म्हणून. तिला परत पाठविण्यासाठीं नव्हे. परंतु ती आल्यामुळें घर वाढलें कीं घरचें माणूस बाहेर पडलें, एवढें मात्र पाहिलेंच पाहिजे. सिंहाच्या वाट्यानें घर वाढलें, हंसगीतानें वाढलें, मैलाच्या दगडानेंहि वाढलें. पांढऱ्या हत्तीनें ऐरावतास बाहेर काढलें, आणि लाल फितीच्या पायीं दप्तरदिरंगाई विसरली जाऊं लागली आहे. हा हिशेब शाळेंत कोणी शिकवीत नाहीं. तो घरींच झाला पाहिजे. मुलानें शाळेंतून एखादी इंग्रजी म्हण आणली तर तिचें कौतुक करावें, तिची गोष्ट सांगावी, आणि तिच्या शेजारीं बसेल अशी आपली म्हण त्याच्या हातीं द्यावी. सिंह ज्याला शाळेंत भेटतो, त्याला खार घरांत भेटली पाहिजे.